दारूचा थेंब नाही, मग अप्पांना लिव्हरचा कॅन्सर कसा झाला?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात लिहितो. अप्पा ५८ वर्षांचे, आयुष्य सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात लूमवर गेलं, दारू कधीच नाही. पोट जड वाटतंय म्हणून सोनोग्राफी केली तर लिव्हरमध्ये ७ सेंटीमीटरची गाठ निघाली, मग सीटी झाला, त्यात गाठ पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे आतड्याकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेत, शिरलेली दिसली, आणि डॉक्टर म्हणाले ऑपरेशन होणार नाही, साध्या केमोचाही उपयोग नाही. बायोप्सी न करताच कॅन्सर म्हणाले याचाही तुम्हाला राग आलाय. रक्तात एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी ची तपासणी, पॉझिटिव्ह आहे. आणि सगळ्यात शेवटी सहज लिहिलंत की आज्जी पण पोटात पाणी होऊन गेली होती आणि बहीण बाळंतपणाला घरी आलीये.

मी २० वर्षं सोलापुरात पोटाचे आणि लिव्हरचे पेशंट बघतोय. तुमच्या सगळ्या लिहिण्यात माझी नजर त्या शेवटच्या ओळीवरच अडकली, तिच्याकडे परत येतो.

आधी दारूचं. आपल्याकडं लिव्हर म्हटलं की दारू, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की न पिणाऱ्या माणसाला लिव्हरचा आजार झाला की घरचे लोक आधी चारचौघांत खुलासे देत बसतात. दारूनं लिव्हर खराब होतं हे खरंच, त्यातून कॅन्सरही होतो. पण जगात लिव्हर कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण आजही हिपॅटायटिस बी हा व्हायरस आहे, त्याच्या मागं हिपॅटायटिस सी, दारू, आणि आता झपाट्यानं पुढं येणारं फॅटी लिव्हर. अप्पांचं कारण तुमच्या हातातल्या रिपोर्टवर लिहिलेलं आहे, एचबीएसएजी पॉझिटिव्ह.

हा व्हायरस मोठ्या माणसाला झाला तर १०० पैकी ९५ जणांच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. पण जन्मताना आईकडून बाळाला झाला तर १०० पैकी ९० बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. ताप नाही, कावीळ नाही, काही नाही. पोरगं शाळेत जातं, कामाला लागतं, लग्न होतं, आणि व्हायरस ३०-४० वर्षं लिव्हर हळूहळू कुरतडत बसतो, स्वतःचा डीएनए लिव्हरच्या पेशींच्या डीएनएमध्ये घुसवतो. म्हणून हिपॅटायटिस बी मध्ये कधीकधी सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसणं, न होताच थेट कॅन्सर होतो. आज्जी पोटात पाणी होऊन गेल्या, त्यांची तपासणी त्या काळी कुणी केली नसणार, पण मला विचाराल तर अप्पांना हे बहुतेक आज्जींकडूनच आलंय. यात कुणाचा दोष नाही हे घरात सगळ्यांना नीट सांगा.

२०२२ चा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगात २५ कोटींवर लोक हिपॅटायटिस बी घेऊन जगतायत, त्यातले जवळपास ३ कोटी भारतात. यातल्या बहुतेकांना माहीतच नाही. आणि कधीकधी माहीत होण्याची संधी येऊन निघून जाते, त्याचं एक उदाहरण माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. काही वर्षांपूर्वी एक शेतकरी आला, ५० च्या आतला, पोट फुगलेलं. बायकोनं कॅरीबॅगेतून कागदांचा गठ्ठा काढला, लाईट बिलं, सोसायटीच्या पावत्या, त्यात घडी पडून पिवळी झालेली एक चिठ्ठी होती. १२ वर्षांपूर्वी गावात जयंतीला रक्तदान शिबिर झालं होतं, तिथं रक्त दिल्यावर आलेली. एचबीएसएजी रिअ‍ॅक्टिव्ह. म्हटलं याचं काय केलं, तर म्हणाला, साहेब तुमचं रक्त चालत नाही एवढंच सांगितलं, म्हणून पुन्हा दिलं नाही. १२ वर्षं. त्या दिवशी त्याला कुणी बसवून चार वाक्यं सांगितली असती, रोज एक गोळी आणि ६ महिन्याला सोनोग्राफी एवढं झालं असतं, तर तो माझ्याकडं ११ सेंटीमीटरची गाठ घेऊन आला नसता. ती चिठ्ठी मी त्याच्या परवानगीनं फोटो काढून ठेवलीये, नवीन मुलं शिकायला येतात त्यांना दाखवतो.

तुम्ही विचारलंत की जगात हा आजार किती आहे आणि त्यावर औषध का नाही. २०२२ मध्ये जगभरात साधारण ८ लाख ६५ हजार नवीन केसेस झाल्या आणि साधारण ७ लाख ५८ हजार माणसं गेली. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. होण्याच्या बाबतीत हा कॅन्सर सहाव्या नंबरवर आहे आणि मारण्याच्या बाबतीत तिसऱ्या, फुफ्फुस आणि आतड्याच्या खालोखाल. म्हणजे सापडतो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि ही अडचण सोलापूरची नाही, सगळ्या जगाची आहे. ४० टक्क्यांवर केसेस एकट्या चीनमध्ये, आणि लोकसंख्येच्या मानानं सगळ्यात जास्त मंगोलियात, कारण तिथं बी, सी आणि त्याच्या जोडीला डी असे तिन्ही व्हायरस घरोघरी पसरले होते. २०२५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांच्या कमिशननं हिशोब मांडला की असंच चाललं तर २०५० पर्यंत वर्षाच्या नवीन केसेस १५ लाखांवर जातील, आणि यातल्या कमीत कमी ६० टक्के टाळता येण्यासारख्या आहेत.

टाळता येतात हे तैवाननं करून दाखवलंय. १९८४ पासून त्यांनी नवजात बाळांना हिपॅटायटिस बी ची लस द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या १० वर्षांत ६ ते १४ वयाच्या मुलांतला लिव्हर कॅन्सर जवळपास निम्म्यावर आला. कॅन्सर रोखणारी पहिली लस हीच. आपल्याकडं ती सरकारी लसीकरणात २००२ च्या सुमारास थोड्या ठिकाणी सुरू झाली आणि सगळ्या देशात जायला २०११ उजाडलं. म्हणजे तुम्ही, तुमची बहीण, तुमच्या वयाचे सगळे, लहानपणी लस न मिळालेल्या पिढीतले आहात.

आता एक गोष्ट खास आपल्या भागासाठी, शेंगा. सोलापूरच्या माणसाला शेंगा चटणी सोडा म्हणणार नाही, मी पण रोज खातो, कडक भाकरीबरोबर. पण शेंगा ओल्या राहिल्या, पावसात भिजल्या, गोणीत कोंदटल्या की त्यावर हिरवट बुरशी येते, ती अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार करते आणि ते लिव्हरच्या कॅन्सरचं सिद्ध झालेलं कारण आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की कोंबड्या पटापट मेल्या, शोध घेतल्यावर खाद्यातली शेंगदाण्याची पेंड निघाली, तिथून या विषाचा छडा लागला. १९७४ मध्ये आपल्याच गुजरात-राजस्थानच्या आदिवासी पट्ट्यात बुरशीचा मका खाऊन लिव्हर निकामी होऊन १०० वर माणसं गेली. भाजल्यानं हे विष पूर्ण जात नाही. आणि अंगात हिपॅटायटिस बी असेल तर दोन्हींचा धोका नुसता बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. माझी आई सुपात शेंगदाणे घेऊन बसायची, एकेक दाणा बोटानं उलटा करायची, सुरकुतलेला, काळपट, कडू वासाचा दाणा बाजूला, आणि तो बाजूचा ढीग ती फेकायची, कुणाला द्यायची नाही. हे विष पेंडीतून जनावरात आणि तिथून दुधात उतरतं, म्हणून खराब माल गाईलाही घालू नका. बाजारात चटणीसाठी स्वस्तातला फुटका दाणा घेताना हे डोक्यात असू द्या.

फॅटी लिव्हरवर फार लिहीत नाही पण एवढं वाचा. सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर आलं की लोक म्हणतात ते सगळ्यांनाच असतं. शुगर असलेल्या, पोट सुटलेल्या माणसात ते तसं सोडून द्यायचं नसतं. वय, एसजीओटी, एसजीपीटी (लिव्हरच्या रक्ततपासण्या) आणि प्लेटलेट एवढ्यावरून फिब-४ नावाचा आकडा निघतो, कुठलाही एमडी डॉक्टर २ मिनिटांत काढून देईल, त्यावरून लिव्हर कडक व्हायला लागलंय का याचा अंदाज येतो. आणि प्लेटलेट कायम लाखाच्या आत असतील तर पपईच्या पानाचा रस पिऊ नका, तो दर वेळी डेंग्यू नसतो, सिरॉसिसमध्ये प्लीहा वाढली की प्लेटलेट अशाच कमी होतात. वर्षानुवर्षं रस पिऊन शेवटी रक्ताची उलटी घेऊन आलेली माणसं मी बघितलीयेत.

आता अप्पांच्या उपचाराकडं येतो. लिव्हरचा कॅन्सर हे एकाच शरीरात बसलेले दोन आजार आहेत. एक ती गाठ, दुसरं ते थकलेलं लिव्हर ज्यात गाठ उगवली. स्तनात गाठ झाली तर स्तन काढता येतो, लिव्हर काढून माणूस जगत नाही. म्हणून प्रत्येक उपचाराच्या आधी आम्हाला बघावं लागतं की उरलेलं लिव्हर हा मार सहन करेल का. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याची आयएनआर, पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम या पाच गोष्टींवरून चाइल्ड-प्यू नावाचे मार्क काढतात, ए, बी, सी, ए म्हणजे लिव्हर चांगलं, सी म्हणजे फार खराब. अप्पांच्या फाईलवर हे अक्षर कुठं लिहिलंय का ते आधी बघा. नसेल तर डॉक्टरांना विचारा. माझ्या मते गाठीच्या ७ सेंटीमीटरपेक्षा ते अक्षर महत्त्वाचं आहे.

बायोप्सीचा राग सोडून द्या, तिथं त्यांचं बरोबर असणार. चांगल्या लिव्हरला तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून येतं, ही गाठ मात्र आपलं रक्त आर्टरीतून, म्हणजे धमनीतून, ओढते. म्हणून तीन फेजचा सीटी करतात. शिरेतून डाय (सीटीत उठून दिसणारं औषध) सोडला की पहिल्या अर्ध्या मिनिटात पडद्यावर गाठ एकदम पेटते, बाकी लिव्हर अजून करडंच असतं, थोड्या वेळानं लिव्हर उजळतं आणि गाठ काळी पडत जाते. सिरॉसिस किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्या पेशंटमध्ये हे चित्र दिसलं की सुई घालायची गरज बहुतेक वेळा नसते, उगीच सुई घातली तर रक्तस्त्रावाचा आणि थोडासा गाठ पसरण्याचा धोका.

गाठ लहान असती, एकटी असती, लिव्हर चांगलं असतं तर कापून काढता आली असती किंवा सुईनं जाळता आली असती. लिव्हर खराब पण गाठ लहान असती तर ट्रान्सप्लांट, त्यात गाठ आणि खराब लिव्हर दोन्ही एकदम जातात. पण त्यालाही मर्यादा आहे, १९९६ मध्ये मिलानच्या सर्जननी नियम घालून दिला, एकच गाठ असेल तर ५ सेंटीमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त ३ गाठी आणि प्रत्येक ३ च्या आत, आणि रक्तवाहिनीत शिरलेली नको. रक्तवाहिनीत शिरलेली असली की नवीन लिव्हरमध्येही कॅन्सर परत येण्याची शक्यता फार. म्हणून कुणी लगेच मुलाचं लिव्हर द्या म्हणत असेल तर घाई करू नका, दुसरं मत घ्या.

तुम्ही टेसबद्दल विचारलंत, आर्टरीतून कॅथेटर नेऊन गाठीला औषध देऊन तिचा रक्तपुरवठा बंद करायचा. मघाशी सांगितलं ना, गाठ आर्टरीवर जगते आणि लिव्हर पोर्टल व्हेनवर, त्याचाच हा फायदा घेणं आहे. पण अप्पांची मुख्य पोर्टल व्हेन आधीच गाठीनं अडली असेल तर त्यांचं लिव्हरही आता आर्टरीवरच तगून आहे, ती पण बंद केली तर लिव्हरच बसेल. म्हणून नाही म्हणाले असणार. निवडक पेशंटमध्ये अशा वेळी रेडिएशन किंवा किरणोत्सारी मणी सोडायचा उपचार होतो, तो पुण्या-मुंबईच्या मोठ्या सेंटरला विचारता येईल. आणि साधी केमो का नाही, तर लिव्हरच्या पेशीचं मूळ कामच विष बाहेर फेकणं आहे, कॅन्सर झाला तरी ती ते काम विसरत नाही, औषधाचा गाठीवर परिणाम थोडा आणि थकलेल्या लिव्हरवर त्रास जास्त.

औषधंच नाहीत असं मात्र नाही. २००८ पर्यंत खरंच काही नव्हतं. त्या वर्षी सोराफेनिब या गोळीचे निकाल छापून आले, गोळी न घेणाऱ्यांत सरासरी जगणं ७.९ महिने, घेणाऱ्यांत १०.७. तुम्हाला वाटेल एवढाच फरक? आम्हाला तेव्हा तो दार किलकिलं झाल्यासारखा वाटला होता. पण महिन्याचा खर्च होता २ लाख ८० हजार. टॉवेलच्या कारखान्यातल्या माणसाला हे कसं सांगायचं? मग मार्च २०१२ मध्ये आपल्या सरकारनं देशातलं पहिलं सक्तीचं लायसन्स दिलं, बायरच्या या औषधासाठी नॅटको कंपनीला, आणि किंमत ८,८८० रुपयांवर आली. त्यानंतर पहिल्यांदाच मी एका यंत्रमाग कामगाराला हे औषध लिहून दिलं आणि त्यानं ते दर महिन्याला आणलं. २०२० मध्ये अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब ही सलाईनमधून द्यायची जोडी आली, दर ३ आठवड्यांनी, त्यात सरासरी जगणं १९ महिन्यांवर गेलं, सोराफेनिबवाल्यांचं १३ होतं. काहींची गाठ खूप आकसते. पण खर्च अजूनही लाखांत आहे, आणि हे निकाल चाइल्ड-प्यू ए वाल्या पेशंटचे आहेत, आपल्याकडं निम्मे पेशंट बी, सी मध्ये गेल्यावरच दारात येतात. म्हणून म्हटलं ते अक्षर बघा. ए असेल तर या जोडीबद्दल किंवा लेनव्हॅटिनिब, सोराफेनिब गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी सरळ बोला. एक गोष्ट विसरू नका, बेव्हॅसिझुमॅब आधी एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघून घ्यायच्या, असतील तर बँड लावून घ्यायचे, नाहीतर रक्ताची उलटी होऊ शकते. सी असेल तर गाठीच्या मागं न धावता पोटातलं पाणी, दुखणं, झोप, भूक यावर लक्ष द्यायचं. याला काही लोक सोडून देणं म्हणतात, मी म्हणत नाही, तो पण उपचारच आहे आणि तो मनापासून करावा लागतो.

अक्षर कुठलंही असो, हिपॅटायटिस बी ची गोळी, टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर, आजपासून सुरू असलीच पाहिजे. ती २०१८ ला सुरू झालेल्या सरकारी हिपॅटायटिस कार्यक्रमात फुकट मिळते, सिव्हिलला चौकशी करा. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला कागद दाखवून विचारा, आधी पैसे भरून नंतर योजना असं करू नका. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आपल्या जिल्ह्यातच आहे, १९८७ पासून तिथं गावागावातल्या कॅन्सरची नोंद ठेवतायत, ग्रामीण भागासाठी देशातली पहिली नोंदणी ती. मुंबईला टाटा हॉस्पिटलला जायचं ठरलं तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री बसण्याआधी सीटीची सीडी, नुसता रिपोर्ट नव्हे, एंडोस्कोपी, एएफपी (या कॅन्सरची रक्ततपासणी) आणि एचबीव्ही डीएनए (रक्तात व्हायरस किती आहे ते) हे सगळं इथूनच करून न्या, तिथले दोन दिवस आणि लॉजचे पैसे वाचतात. आणि कावीळ उतरवणारा, माळ घालणारा, हातावर डाग देणारा, पानाचं औषध देणारा, यातलं काही नको. अंगदुखीच्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या पण मेडिकलमधून परस्पर आणू नका, किडनी बसते.

घरात अप्पांचं ताट-पेला वेगळा केला असेल तर आजच परत एकत्र करा. हा व्हायरस जेवणातून, एका ताटात खाल्ल्यानं, जवळ बसल्यानं पसरत नाही. रक्तातून, शारीरिक संबंधातून, आईकडून बाळाला पसरतो, म्हणून रेझर आणि ब्रश तेवढे वेगळे. तुम्ही, तुमची आई, काका, आत्या, सगळ्यांनी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी (व्हायरस पूर्वी होऊन गेला का ते सांगणारी तपासणी) करून घ्या. निगेटिव्ह असाल तर लसीचे ३ डोस, आज, महिन्यानं आणि ६ महिन्यांनी. पॉझिटिव्ह असाल तर घाबरू नका, अप्पांना जी ३० वर्षं मिळाली नाहीत ती तुमच्या हातात आहेत, दर ६ महिन्याला सोनोग्राफी आणि एएफपी. ६ महिनेच का, तर अशा गाठीला दुप्पट व्हायला साधारण ४ ते ६ महिने लागतात, तेवढ्या अंतरानं बघितलं तर २ सेंटीमीटरला सापडते, आणि २ सेंटीमीटरच्या गाठीला बरं करता येतं.

आता बहीण. नववा लागलाय म्हणालात. तिची पहिल्या महिन्यात एचबीएसएजी झाली असेल तर कार्डावर शोधा, नसेल तर हे वाचून झाल्यावर लगेच करून आणा, तासाभरात रिपोर्ट येतो. पॉझिटिव्ह आली तर आत्ताच डॉक्टरांना दाखवा, व्हायरस जास्त असेल तर तिला गोळी सुरू करतील, आणि बाळंतपण कुठं व्हायचंय तिथं आधीच सांगून ठेवा की बाळासाठी लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटीबॉडीचं) इंजेक्शन दोन्ही फ्रीजमध्ये तयार पाहिजे. जन्मल्यावर शक्यतो १२ तासांच्या आत दोन्ही, दोन वेगवेगळ्या मांड्यांवर. निगेटिव्ह आली तरी लस २४ तासांच्या आत, रविवार असो की सण. नर्स म्हणाल्या दीड महिन्याच्या डोसला बघू, तर ऐकू नका, तिथंच थांबा.

बहिणीचा रिपोर्ट आला की इथंच कळवा, अप्पांच्या फाईलवरचं ते अक्षर पण लिहा, मी बघतो.